छटाकची तिसरी परीक्षा

"बस!" मास्तर म्हणाले आणि छटाक बसला.

"थांब!"

छटाक थांबला. मास्तर पाठ फिरवून खिडकीपर्यंत गेले, तरी त्याची शेपटीसुद्धा हलली नाही.

"बघितलंस?" मास्तरांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"बघितलं. मागच्या महिन्यात परीक्षा घ्यायला आलेल्या त्या मुलीसमोर काय दिवे लावले, तेही बघितलं," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांना ते लागलं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती. भलभलत्या वांड पोरांना त्यांनी रांगेत उभं केलं होतं. आणि हे टेरियर जातीचं छटाकभर कुत्रं त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झालं होतं.

निराधार कुत्र्यांच्या एका संस्थेने छटाकला त्यांच्याकडे शिकायला ठेवलं होतं. संस्थेचा नियम सरळ होता. कुत्रा घरात नीट वागायला शिकला की त्याची परीक्षा, आणि पास झाला की नव्या कुटुंबाकडे रवानगी. तीनदा नापास झाला, तर तो शिकवणाऱ्याच्याच गळ्यात कायमचा.

"तसं झालं तर मी माहेरी निघून जाईन," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माहेरी आता आहे कोण?"

"कुत्रं तरी नाही!"

पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी घरात कुत्रं येऊ दिलं नव्हतं. छटाक आला तोही 'पास होईपर्यंत' या बोलीवर. मास्तरीणबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं.

मास्तरांचीही तत्त्वं होती. खाऊ दाखवून शिकवणं त्यांना मंजूर नव्हतं. लाच देऊन शिस्त येत नाही, असं ते म्हणत. छटाकला मिळायची ती पाठीवर एक थाप.

"त्याला खाऊ नाही, आणि तुम्हाला?" मास्तरीणबाई डबा हलवत बाहेर आल्या. "बिस्किटं पुन्हा अर्ध्यावर आली. रक्तातली साखर वाढलीय ना तुमची?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग काय उंदीर खाऊन वर झाकण लावून जातात?"

मास्तर चरफडत वाचनालयात निघून गेले. रोज चार ते पाच हा त्यांचा वाचनाचा तास. परत आले तेव्हा छटाक जीभ बाहेर काढून धापा टाकत होता.

"काय करत होता हा?"

"काय करणार? लोळत होता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी छटाकचा पट्टा तेलाचा बोळा फिरवून पुसला. छटाकने त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली. उद्यापासून ते ऊबदार ओझं पायावर नसणार होतं. मास्तरांचा जीव तुटत होता. ठेवून घेऊ या का, एवढंच बायकोला विचारायचं होतं, पण पस्तीस वर्षांत जे जमलं नाही ते आज कुठून जमणार? आणि मुद्दाम वाईट शिकवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"पास हो बरं का, बाळा," ते म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंनी नाक ओढलं. "किती पुसाल तो पट्टा? झिजेल."

दुसऱ्या दिवशी संस्थेची परीक्षक मुलगी आली, बूट दाराशी काढून सोफ्यावर बसली. तिने कागद काढला. घंटी वाजवून बघितली, छटाक भुंकला नाही. जमिनीवर पाव ठेवला, त्याने वास घेऊन मान वळवली. 'थांब' म्हटल्यावर पाच मिनिटं पुतळा झाला. मुलीने एकेका ओळीसमोर बरोबरची खूण केली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

"मागच्या दोन्ही वेळी चहापर्यंत ठीकच होता," मुलगी हसून म्हणाली.

तेवढ्यात मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. वाफेने चष्मा धुरकटला, तो त्यांनी कपाळावर सरकवला आणि कप पुढे केला.

छटाक सुटला. दाराशी ठेवलेला मुलीचा बूट तोंडात धरून तो थेट सोफ्याखाली शिरला.

"छटाक!" मास्तर ओरडले. त्यांचा आवाज फाटला, पण रागाने फाटला असं काही वाटलं नाही.

मुलीने कागदावर फुली मारली. "वाईट वाटून घेऊ नका, मास्तर. याला न्यायला जे कुटुंब थांबलं होतं, त्यांना आम्ही दुसरा कुत्रा देऊ. पण नियमाप्रमाणे हा आता..."

"कुठे सही करू?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी इतक्या घाईने पेन टेकवलं, की टोपण काढायचंच राहिलं.

"आता भोगा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "या घरात माझं कोण ऐकतंय?"

मास्तरांनी बूट सोडवून आणला, रुमालाने पुसून दिला आणि त्या मुलीला फाटकापर्यंत पोचवायला गेले. जिना उतरताना ते शीळ घालत होते.

शीळ ऐकू येईनाशी होईपर्यंत मास्तरीणबाई दाराशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी बिस्किटांचा डबा घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला. छटाकने झेप घेतली, मास्तरांची वाचनालयात जायची चप्पल पकडली आणि सोफ्याखाली शिरला. मास्तरीणबाईंनी गुडघे टेकले आणि एक बिस्कीट आत सरकवलं.

"शाबास रे माझ्या राजा," त्या हळूच म्हणाल्या. "आता हे विसरायचं हं."