साडूची ट्राम

वाफेवरची जुनी ट्राम आम्ही हौशी मंडळींनी पुन्हा रुळावर आणली. बॉयलर घासून हात सोलले माझे, आणि ड्रायव्हर कोण झाला? आमचा साडू! मला केलं कंडक्टर.

पहिल्या फेरीला सगळे फोटोवाले त्याच्याच टोपीभोवती. पण कंडक्टरने घंटा वाजवल्याशिवाय ट्राम हलवायची नाही, हा आमचा नियम. मी दोरी धरून निवांत चष्मा पुसत बसलो.

"अहो, वाजवा की घंटा!" साडू रडकुंडीला आला. तेव्हा कुठे कॅमेरे माझ्याकडे वळले. जिवाला कसं गार वाटलं!

दुसऱ्या दिवशी पेपरात माझाच फोटो. खाली छापलं होतं, 'पहिल्याच दिवशी ट्राम ठप्प, कंडक्टर हतबल.'

लगेच साडूचा फोन. "झकास आलाय हो फोटो! गठ्ठाच घेतलाय मी. सासुरवाडीला घरोघर वाटतोय."