चांदीची मान

थ्रेसियाम्माने चर्चच्या जत्रेत नवसाला वाहायला चांदीची मान मागितली. "शेवटचीच उरलीय, चेची. यंदा कॉलेजच्या पोरांनी मानाच संपवल्या," दुकानदार हसला. "आमच्या लिबिनची अभ्यासानं आखडलीय," ती ठसक्यात म्हणाली. गळ्यात पट्टा घातलेल्या लिबिनला मान हलवता येईना. त्याने नुसती नजर चोरली. अख्खं सत्र मोबाइलवरच्या खेळात गेलं होतं. सांगून टाकावं, असं वाटेपर्यंत ती दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत फाटकातून वेदीकडे निघालीसुद्धा. "अम्मे, ऊठ, तुझे गुडघे..." "गप रे, माझे गुडघे काय परीक्षेला बसणारेत?" वेदीवर तिने चांदीची मान ठेवली आणि लिबिनच्या हातात मोबाइल थरथरला. सवयीने त्याची मान पट्टा दाबत कटकन खाली वाकली. "वाकली! देवा, पोराची मान वाकली!" "अम्मे, हा मोबाइल..." "हो, आधी पप्पांना कळव," म्हणत ती आभारासाठी पुन्हा रांगायला लंगडत फाटकाकडे निघाली.