कोळशावरचं विरजण

सकाळी घरातल्या तपासणी करणाऱ्या बोलक्या कमोडने नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, "लघवी तपासली. न्यूमोनियाचा तो जंतू, लिजिओनेला, नाही." भास्करराव मात्र तापाने फणफणले होते, खोकून बेजार झाले होते.

त्यांची बायको इंदुमती, जुन्या काळची लॅब टेक्निशियन, कमोडवरच खेकसली, "मेल्या, तुला त्या जंतूचा एकच प्रकार कळतो!" तिने नवऱ्याची थुंकी कोळसा घातलेल्या काळ्या बशीत पसरली आणि बशी उबेत ठेवली.

"मावशी, आता जंतू वाढवत कोण बसतं?" घरी आलेले डॉक्टर झेंडे हसले.

"तू औषध आजच सुरू कर," इंदुमतीने बजावलं. "विरजण लागायला वेळ लागतो, पण ते खोटं बोलत नाही."

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि काळ्या बशीवर खसखशीएवढे पांढुरके ठिपके उमटले. झेंड्यांनी ती बशी दोन्ही हातांनी जपून उचलून प्रयोगशाळेत नेली.

आठवड्याने कमोड म्हणाला, "नवा प्रकार शिकलो. त्याने आजारी पडलेले शहरातले एकोणतीस जण सापडले, सगळ्यांना औषध सुरू झालंय. जंतूचं नाव ठेवलंय इंदुमती."

भास्कररावांनी चहाचा घोट घेतला. "चाळीस वर्षं माझ्या छातीत बसलीये," ते म्हणाले, "आणि या यंत्राला आत्ता कळतंय!"