आधी तिच्याकडे
चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीची भाकर मोडायला उचललेला पाळकांचा हात थांबला. शेवटच्या बाकावर चर्चचा जुना शिपाई होता. चांदीचा प्याला चोरल्याचा आळ घेऊन त्यांनीच त्याला महिन्यापूर्वी कामावरून काढलं होतं. काल प्याला त्यांच्याच कपाटात सापडला. हे त्यांच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. “लोक खोळंबलेत,” चर्चचे सेक्रेटरी कुजबुजले. पाळक वेदीवरून उतरून शिपायासमोर उभे राहिले. “प्याला माझ्याकडेच होता. मला माफ कर.” शिपाई उठून उभा राहिला. “मी करीन हो माफ. पण पोरं माझ्या लेकीला चोराची मुलगी म्हणतात. तिने शाळाच सोडलीय.” “चल, आधी तिच्याकडे जाऊ.” पाळक झग्यातच निघाले. शिपायाच्या घराच्या दारात त्यांना बघून मुलगी आईमागे लपली. पाळक गुडघ्यांवर बसले. “बाळ, तुझे बाबा चोर नाहीत. चूक माझी.” ती पुढे आली. “हे माझ्या वर्गात येऊन सांगाल?”