तेवीस लाल टॅग

सोपानरावांनी बसच्या पायरीला अकरावा लाल टॅग बांधला, तेव्हा तेजस्विनीच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"आता पायरीचं काय झालं, अण्णा?"

"उंच हाय. सोळा इंच. बारा पायजे." त्यांनी टेप खिशात टाकली नि पुढं सरकले.

बस तेजस्विनीची होती. बस कसली, घरच म्हणा की! एके काळी चाकणला शिफ्टची माणसं नेणारी ही मिनीबस. मोडीत निघाली होती, ती तिनं उचलली, भोसरीतून आतलं सगळं करून घेतलं, आणि आयटीतली चांगली नोकरी सोडून जी निघाली ती निघालीच. आज स्पितीत, उद्या कच्छात. गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं, आणि जिथं जाऊ तिथलं ब्लॉगवर लिहायचं. 'मुक्काम पोस्ट कुठंही' हे ब्लॉगचं नाव. वाचणारे हजारोंनी. डिझेल निघत होतं, पोटही भरत होतं. तीन वर्षांत तिची बस पाहिली नाही असा माणूस एकच, तिचा बाप. लेक काळेवाडीला घरी आली की सोपानराव बसकडं पाठ करून चहा प्यायचे.

माणूस वाईट नव्हता हो. पण एकतीस वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीला काढलेली. लाल टॅग लागलेला माल गेटाबाहेर जात नाही, मग साक्षात मालक का येऊन उभा राहीना! मार्चात रिटायर झाले आणि उरलेल्या टॅगांचा गठ्ठा घरी घेऊन आले.

तेजस्विनी सोमवारी मेघालयाकडं निघणार होती. ब्लॉगवर तसं जाहीरही करून बसली होती. शनिवारी जेवताना सोपानराव ताटातून मान वर न करता म्हणाले, "उद्या तुजी गाडी तपासतो. पास झाली तर जा. न्हाई झाली तर हलायचं न्हाई."

तिशी उलटलेली बाई, हसून उडवून लावता आलं असतं की नाही? पण तीन वर्षं तिचा जीव एका गोष्टीवर टांगलेला होता. अण्णांनी एकदा, फक्त एकदा, गाडी बघून "ठीक हाय" म्हणावं. म्हणून ती "चालेल" म्हणाली आणि फसली.

रविवारी सकाळी आठला ते टॉर्च घेऊन बसखाली शिरले. ब्रेक, टायर, गॅसची नळी, वायरिंग, काही म्हणून सोडलं नाही. दोन तासांनी तेलकट होऊन बाहेर आले. एकही टॅग नाही! तेजस्विनीला वाटलं, जिंकलो. मग ते चपला काढून बसमध्ये चढले आणि टॅगांचा पाऊसच सुरू झाला.

दाराशी धरायला दांडा नाही. टॅग. खिडकी सरकवायला जड. टॅग. सामानाच्या फळीपाशी येऊन त्यांनी बायकोला हाक मारली. विमलबाई पदराला हात पुसत आल्या, पायरी चढताना "आई गं" म्हणाल्या.

"हात वर कर." हात काही फळीपर्यंत पोचेना. टॅग.

"आईचा हात पोचून काय करायचंय?" तेजस्विनी म्हणाली.

"मापाला माणूस लागतंच."

पलंगावर ते स्वतः आडवे झाले. पाय बाहेर लोंबले. तसेच डोळे मिटून दोन मिनिटं पडून राहिले. तेजस्विनीला वाटलं, लागली झोप! उठले, टॅग बांधला. मग ओट्याकडं वळले आणि चहाच्या कपाच्या कानाला टॅग अडकवला.

"कपाला? अहो, कपानं काय घोडं मारलंय?"

"एकच हाय."

समोरच्या गॅलरीतून शेजारच्या इंदुताई ओरडल्या, "तेजे, तेवीस झाले गं! मोजतेय मी."

आणि विमलबाई? लेकीचा निकाल लागतोय आणि ह्या बाई घरात डबाभर शंकरपाळ्या तळत, गुणगुणत उभ्या! आपल्या बाजूचं ह्या घरात कुणीच नाही, असं तेजस्विनीला वाटलं. ती बसच्या दारात आडवी उभी राहिली.

"बास, अण्णा. सरळ सांगा ना, जाऊ नको म्हणून. उद्या लोकांना काय लिहू मी? वडलांनी कपावरून गाडी नापास केली? तीन वर्षं ह्याच गाडीत राहिलेय. माझं काही अडलं नाही. माझ्या एकटीला दांडा कशाला नि पायरी कशाला!"

सोपानराव हातातली टेप उगाच आत-बाहेर करत राहिले. एवढा कंपनीभर दरारा असलेला माणूस, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून पार कावराबावरा झाला.

विमलबाई डबा घेऊन उंबऱ्यात आल्या. "अहो, सांगा की आता. पोरीला किती ताणायचं!"

सोपानरावांनी घसा साफ केला. सोमवारी निघण्याऐवजी शुक्रवारी निघाली तर चालेल का, तेवढ्यात सगळं दुरुस्त करतो, असं काहीसं पुटपुटले. तेजस्विनीला काही उमगेना.

"पण माझ्यासाठी दुरुस्त करायचंय काय, अण्णा?"

"तुज्या एकटीसाठी गाडी सकाळी धालाच पास झाली, येडे," सोपानराव म्हणाले. "ह्ये तेवीस टॅग आमा दोघांचे हायती."