नाजूक पोट

शकुनकाकू गल्लीतल्या निखतच्या पेट शॉपमध्ये फोडलेलं तिसरं पाकीट घेऊन आल्या. "पोरी, माह्या राणी मांजरीले हेबी दाणे पचून नाही राह्यले."

"बाहेरचं काही खाते काय, काकू?"

"छ्या! माह्या हातचं सोडून कुठंच तोंड लावत नाही."

निखतला लगेच पटलं. तिची फाटक्या कानाची मांजर नूरीही अशीच इमानी, अन् पोटानं अशीच नाजूक. नूरीला देत होती तेच सगळ्यात हलकं खाणं तिनं मायेनं फळीवरून काढलं. तेवढ्यात काकूंनी फोनवर राणीचा फोटो दाखवला. निखत त्या फाटक्या कानाकडे बघतच राहिली.



मग पाकीट परत फळीवर ठेवत ती म्हणाली, "काकू, इले सकाळचं तुमी घाला, संध्याकाळचं मी घालीन."