चौथी जोडी

बिस्किटांचा एक पुडा हातात उरला.

"कोणी घेतला नाही रे?" तिने मागे वळून विचारलं. सहा तोंडं चावत होती. तिने पुन्हा मोजली. सहाच. सातवं तोंड तिच्या स्वतःच्या धाकट्याचं, आणि ते गाडीत नव्हतं.

तिने गाडी चालवणाऱ्या दिराचा खांदा गदागदा हलवला.

"भावजी, गाडी वळवा! धाकटा वरच राहिला!"

दिराने करकचून ब्रेक दाबला. रस्ता अरुंद, दोन्ही कडांना बर्फाचे ढीग. गाडी वळवण्यातच चार-पाच मिनिटं गेली. वीस मिनिटं उतरून आले होते, म्हणजे चढायला पंचवीस तरी हवीत. सहा वर्षांचं पोर, आणि ऊन केव्हाच डोंगराआड गेलेलं.

"पण वहिनी, तुम्ही मोजली होती ना?"

मोजली नव्हती. मोजणं म्हणजे तिला अडाण्यांचं काम वाटे. तिची पद्धत होती. सकाळी जाऊ आणि नणंद गरम खोलीत पाय पसरून बसल्या, तेव्हा तिनेच छाती ठोकून सांगितलं होतं, "तुमची पाच, माझी दोन. सातही मी सांभाळते, तुम्ही पडा निवांत." घरात तिला हेडमास्तरीण म्हणत, ते काही उगीच नाही. बर्फावर पोचताच तिने पोरांच्या जोड्या लावल्या. ज्याने त्याने आपला जोडीदार बघायचा, आणि ती "जोडीदार आहे?" म्हणाली की "आहे!" म्हणून ओरडायचं. तीन जोड्या झाल्या, धाकटा उरला. "तू माझा जोडीदार," ती म्हणाली. मग काय, स्वारी दिवसभर ऐटीत तिचं बोट धरून हिंडली.

निघताना ती ओले हातमोजे डिकीत कोंबत होती. तिथूनच तिने विचारलं. सहाही जण बेंबीच्या देठापासून ओरडले, "आहे!" तेवढा आवाज ऐकून तिचं समाधान झालं. ओरडायचं राहिलं होतं ते तिचंच.

"त्याच्या टोपीचे बंद बांधले होते का मी?" ती पुटपुटली. मागे तिची थोरली मुसमुसायला लागली. देवा, माझं काय हवं ते घे, पण पोराला सुखरूप ठेव, एवढंच ती मनात घोकत होती. प्रत्येक वळणावर तिला तो रस्त्याने एकटा चालत येताना दिसे, आणि जवळ गेलं की नुसता बर्फ.

वरचा गाडीतळ रिकामा होता. घसरगाड्या भाड्याने देणारा म्हातारा आपली टपरी बंद करून दाराशीच थांबला होता. पायरीवर, त्याच्या ढगळ कोटात गुंडाळलेला, धाकटा बसला होता. नाक लालबुंद, डोळे कोरडे.

"आत शेगडीपाशी चल म्हटलं, तर ऐकेना," म्हातारा म्हणाला. "म्हणतो, आई शोधत येईल, मी जागा सोडणार नाही."

ती बर्फात गुडघ्यांवर बसली आणि त्याला कवटाळून ढसाढसा रडली. त्याने तिला पोटभर रडू दिलं. पाठीवर थोपटलंही. मग एखाद्या मोठ्या माणसासारखा समजुतीने म्हणाला,

"आई, उद्या माझी जोडी ताईशी लाव. ती विसरत नाही."